रुग्ण क्रमांक साठ

सॅलोमी सिस्टरनी इंजेक्शन भरून ठेवलं होतं. सुईवरचं टोपण काढायचं तेवढं बाकी होतं, आणि मी म्हणाले, "थांबा सिस्टर."

"का हो मॅडम?"

"वय काय यांचं?"

"केसपेपरवर शहात्तर आहे. खुब्याचं हाड मोडल्यासारखं दिसतंय. ट्रॅमाडॉल देते आणि एक्स-रेला पाठवते."

"आधी काही दिलंय का? गावातल्या डॉक्टरांनी, घरी कुणी?"

"काही नाही. बेदाण्याच्या शेडवर पडल्या, तिथून जीपमध्ये घालून थेट इकडंच आणलंय."

"मग या माझ्या अभ्यासात बसतात."

सिस्टरनी एकदा माझ्याकडे आणि एकदा हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. अपघात विभागात त्यांची पंचवीस वर्षं झाली होती आणि माझ्यासारख्या शिकाऊ डॉक्टरांच्या कितीतरी तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

"कितवा नंबर?"

"साठावा."

"म्हणजे शेवटचा. सुटले बाई. तुमची ती पाकिटं आता माझ्या स्वप्नात यायला लागली होती," असं म्हणून त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मार्चची एकोणतीस तारीख होती.

भूलशास्त्राच्या एम.डी.चं माझं दुसरं वर्ष चालू होतं. प्रबंधाचा विषय मी स्वतः निवडला होता. पासष्टीच्या पुढचा माणूस तीव्र वेदना घेऊन अपघात विभागात येतो, तेव्हा त्याला मॉर्फीन द्यावं की फेंटानिल? दोन्ही अफूच्या जातकुळीतली औषधं, दोन्ही कुलपात ठेवायची. म्हाताऱ्या माणसांना ती द्यायला आमच्याकडे सगळेच बिचकत. श्वास मंदावेल, भ्रम होईल, उलट्या होतील, म्हणून काहीतरी थोडंसं देऊन वॉर्डात पाठवून देत. म्हाताऱ्यांना दुखतंच कमी, असाही एक समज होता. तो कुणी बोलून दाखवत नसे, पण नोंदी पाहिल्या की दिसे. पहिल्या वर्षी मी त्या नोंदवह्या घेऊन बसले होते. मोडलेल्या हाडासाठी चाळिशीच्या माणसाला जेवढं औषध मिळत होतं, त्याच्या निम्मंही सत्तरीच्या माणसाला मिळत नव्हतं. ते माझ्या मनाला लागलं होतं.

अभ्यासाची रीत सोपी होती. बंद पाकीट सिस्टरनी फोडायचं, आत लिहिलेलं औषध त्यांनीच भरायचं, कोणतं ते मला कळू द्यायचं नाही. मी आकडे लिहायचे. इंजेक्शन देताना दुखणं किती, पंधरा मिनिटांनी किती, अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी किती. अट एकच, पण कडक होती. त्याआधीच्या चार तासांत रुग्णाला दुसरं कुठलंही वेदनाशामक दिलेलं नसावं. साठ रुग्ण हवे होते आणि एकतीस मार्चला मुदत संपत होती. एकोणसाठवर मी बारा दिवस अडकले होते. साठ भरले नाहीत तर मुदतवाढ मागावी लागणार होती. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीची बैठक जूनमध्ये, म्हणजे प्रबंध लांबणार आणि परीक्षा सहा महिने पुढे जाणार.

मी गजराबाई मगदूमांच्या कॉटजवळ गेले. बारीक चणीची बाई. हिरवं लुगडं, केसांत बेदाण्याच्या काड्यांचा चुरा अडकलेला. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसत होता. उशाशी त्यांची सून उभी होती, शालन.

"आजी, दुखणं किती आहे ते मला आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याच्यावर दुखूच शकत नाही."

"धाच्या वर दुखत न्हाई व्हय?"

"नाही."

"कुणी ठरीवलं?"

मी त्यांना चेहऱ्यांचं कार्ड दाखवलं. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा गोल तोंडं. त्यांनी ते हातात घेऊन लांब धरलं.

"ह्यो शेवटचा मुखडा आमच्या थोरल्या जावंचा. तिला काय बी न दुखता तोंड आसंच आसायचं."

"आत्ती!" शालन म्हणाली, आणि हसू दाबायला तिने पदर तोंडाशी नेला.

"सांगा ना आजी. किती?"

त्यांनी डोळे मिटले. बोलत होत्या तोवर मला दिसलं नव्हतं, पण त्यांचा डावा हात कॉटच्या दांडीला इतका घट्ट होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"सात," त्या म्हणाल्या.

तो आकडा मी लिहिला नाही. पहिला आकडा इंजेक्शन देताना लिहायचा असतो, आणि इंजेक्शनच्या आधी संमती हवी होती.

मी शालनला अभ्यासाची माहिती सांगितली. दोन औषधं आहेत, दोन्ही चांगली, दोन्ही वापरातली आहेत. यातलं एक चिठ्ठी निघेल तसं द्यायचं. ती मान हलवत होती.

"सही लागेल. यांचा मुलगा कुठे आहे?"

"विट्याला. यंत्रमागावर कामाला हायत. फोन केलाय, निघाल्यात."

"किती वेळ लागेल?"

"येतीलच की आता. एस.टी. मिळाली आसंल."

"मी करू का सही?" शालननेच पुढे विचारलं.

"मुलगा येतोय ना? त्यांचीच घेऊ."

"सही मी करते की," गजराबाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "चौथी पास हाय मी. शेडवर पगाराला सही करते. अंगठा न्हाई लावत."

"तुमची तर घेऊच आजी. पण मुलाचीही लागते."

"दुखतंय मला आन् सही त्याची?"

आम्ही तिघीही हसलो. शालन, सिस्टर आणि मी. बोलणं मजेशीर होतं म्हणून हसलो.

"नियम आहे आजी," मी म्हणाले.

नियम पेंडुरकर सरांचा होता. ते माझे मार्गदर्शक. आदल्या वर्षी दुसऱ्या एका विभागात एका रुग्णाच्या मुलाने तक्रार केली होती, 'माझ्या वडलांवर प्रयोग केले' म्हणून, आणि ती वर्तमानपत्रात आली होती. तेव्हापासून सरांनी सांगून ठेवलं होतं की सत्तरीच्या वर मुलाची सही घेतल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. एकोणसाठ वेळा त्याने काही अडलं नव्हतं. मुलगे बरोबरच आलेले असत.

मी पायाला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्या, गुडघ्याखाली उशी दिली. पाय हलला नाही तर दुखणं थोडं कमी राहतं. सलाईन लावलं. जे करता येण्यासारखं होतं ते मी सगळं नीट केलं, एक सोडून.

सव्वाबाराला एक्स-रेवाला येऊन म्हणाला, आत्ता पाठवा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर. मी पाठवलं. बरोबर गेलेसुद्धा. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना चौघांनी चादरीची चार टोकं धरली होती, आणि मी म्हणत होते, हळू, हळू, एकदम उचला. गजराबाई ओरडल्या. एकदाच. मग म्हणाल्या, "आई गं, माझे आई," आणि नंतर परतीच्या वाटेवर काहीच बोलल्या नाहीत. तोवर त्या बऱ्याच बोलत होत्या. बेदाणा कसा निवडतात ते मला सांगत होत्या. देठ डोळ्यांनी शोधायचा नसतो, बोटाला लागतो म्हणे. हिरवा, पिवळा, काळा सगळे वेगळे करायचे, आणि हे सगळं दुसऱ्या बाईशी गप्पा मारत.

मी सरांना फोन केला.

"सर, साठावा रुग्ण आलाय. निकषांत बसतो. मुलगा अजून पोचला नाही."

"किती वेळात येतोय?"

"पंधरा मिनिटांत म्हणाला."

"मग थांब. सही घेतल्याशिवाय काही करू नकोस. शेवटच्या केसला घोटाळा नको."

"हो सर."

तासाभरात रुग्णाला वेदनेवर काही दिलंय का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पाऊण वाजता सॅलोमी सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. आवाज हळू होता.

"मॅडम, देऊन टाकू का ट्रॅमाडॉल? तोंड बघा त्यांचं."

"पंधरा मिनिटं सिस्टर. तो स्टँडवर उतरलाय."

"पंधरा मिनिटांपूर्वीपण तो स्टँडवरच उतरला होता."

"रिक्षा मिळत नसेल."

"मिळत नसेल," त्या म्हणाल्या. "पण साठावा आज नाही तर उद्या येईल की. म्हाताऱ्या माणसांचं पडणं काय थांबलंय?"

"बारा दिवस झाले सिस्टर, एक आला नाही. आता दोनच दिवस उरलेत."

ट्रेमधली ती सिरिंज त्यांनी उचलली, औषध बेसिनमध्ये सोडून दिलं आणि सुई कापायच्या यंत्रात घातली.

दोन तास थांबवायचं, असं मी कधीच ठरवलं नव्हतं. मी दर वेळी फक्त पंधरा मिनिटं ठरवत होते.

एक वाजता मी पुन्हा कॉटजवळ गेले. गजराबाईंच्या कपाळावर घाम आला होता. नाडी एकशे वीसच्या वर गेली होती. शालन पदराने वारा घालत होती. मला पाहून गजराबाईंनी दांडीवरचा हात सोडला आणि माझ्यापुढे केला.

"दे हिकडं," त्या म्हणाल्या. "कागुद दे. म्हणते न्हवं, मी करते सही."

"आलेच ते आजी. आता पाच मिनिटं."

त्यांनी हात तसाच थोडा वेळ पुढे धरला. मग मागे घेऊन पुन्हा दांडीला लावला.

बापूसो मगदूम एक वीसला आले. धावत आले होते, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. एस.टी. वाटेत बंद पडली होती, मग एका टेम्पोने स्टँडपर्यंत आले होते, मग चुकून मागच्या फाटकाने शिरून प्रसूती विभागात पोचले होते. मी त्यांना माहिती सांगायला लागले तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मला काय कळतंय मॅडम त्यातलं? तुम्ही म्हणशीला तसं. कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्यांनी न वाचता सही केली. मग तोच कागद मी गजराबाईंसमोर धरला, आणि त्यांनी पडल्या पडल्या, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

सिस्टरनी आत जाऊन पाकीट फोडलं. दीड वाजता इंजेक्शन दिलं.

"आजी, आता किती?"

"नऊ."

मी लिहिलं. शून्य मिनिटं, नऊ. पंधरा मिनिटांनी सहा. अर्ध्या तासाने त्यांची दांडीवरची पकड सुटली, त्या म्हणाल्या, "तीन आसंल," आणि झोपी गेल्या. श्वास व्यवस्थित, प्राणवायू व्यवस्थित, उलटी नाही. साठही जणांत दुखणं सर्वांत जास्त उतरलेल्या रुग्णांपैकी त्या एक होत्या.

सिस्टर नोंदीचा कागद पुरा करत होत्या. पेन थांबवून त्यांनी विचारलं, "या आल्या किती वाजता ते कुठं लिहू?"

"ते नाही लागत," मी सांगितलं. "इंजेक्शनपासून मोजायचं असतं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागद सही करून दिला.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली आणि चांगली झाली. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डातून जात होते, तेव्हा शालनने मला हाक मारली. "मॅडम, आत्ती कायतरीच कराय लागल्यात, बघा की."

गजराबाई जाग्या होत्या, पण त्यांची नजर कुणावर ठरत नव्हती. दोन्ही हात चादरीवर झरझर चालले होते. चिमटीत काहीतरी धरायचं, देठ खुडायचा, डावीकडे टाकायचा. पुन्हा चिमूट. चादर कोरी होती. बापूसो समोर गेले तर त्यांना म्हणाल्या, "मुकादम, माझी पाटी अजून भरली न्हाई." मला त्यांनी ओळखलंच नाही.

तसं सहा दिवस चाललं. मग हळूहळू उतरलं आणि त्या घरी गेल्या.

म्हाताऱ्या माणसांना हाड मोडल्यावर असा भ्रम होतो. शस्त्रक्रियेने होतो, भुलीने होतो, नव्या जागेने होतो. अफूच्या औषधांनी होतो, हे तर सगळेच सांगतात. पण दुखणं तसंच राहू दिलं तर तो होण्याची शक्यता वाढते, हे पुढे पुष्कळ वाचनात आलं. गजराबाईंना कशाने झाला ते मी सांगू शकत नाही. एका माणसावरून तसं सांगताच येत नाही. माझा अभ्यास दोन तासांत संपत होता, त्यामुळे ते सहा दिवस माझ्या कुठल्याही तक्त्यात आले नाहीत, आणि इंजेक्शनआधीचे ते दोन तास आणि दहा मिनिटंही आली नाहीत.

निष्कर्ष असा निघाला की दोन औषधांत फारसा फरक नाही. फेंटानिल थोडं लवकर लागू पडतं, मॉर्फीन थोडं जास्त टिकतं. सरांनी पाठ थोपटली. साठही पूर्ण, गळती एकही नाही.

प्रबंध बांधायला देताना परिशिष्टं लावायची होती. समितीने मंजूर केलेला संमतीपत्राचा मूळ नमुना मी कपाटातून काढला. वर्षभरापूर्वी मीच तो टाइप केला होता. खाली दोन रेघा होत्या. एकीवर 'रुग्णाची सही किंवा अंगठा'. दुसरीवर 'साक्षीदार'. त्याखाली बारीक अक्षरात मीच लिहिलं होतं: रुग्ण शुद्धीवर व समजण्याच्या स्थितीत असल्यास त्याची स्वतःची संमती पुरेशी आहे, साक्षीदार कोणीही प्रौढ व्यक्ती असू शकते.

साक्षीदार शालन चालली असती. सॅलोमी सिस्टरही चालल्या असत्या. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी.

पुढच्या वर्षी मेमध्ये माझा निकाल लागला. शहर सोडण्यापूर्वी एका रविवारी मी गजराबाईंच्या गावाला गेले. पत्ता केसपेपरवरून उतरून घेतला होता. फाट्यावर उतरल्यावर द्राक्षबागांमधून वीस मिनिटांची चाल होती. बापूसो सुट्टीला घरी होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. लोखंडी खुर्ची आणली, पुसली, मला बसवलं, आपण समोर बसले. शालन चहा टाकायला आत गेली. गजराबाई दाराशी बाजेवर होत्या, शेजारी चार पायांचा वॉकर. पाय थोडा आखूडच राहिला होता. खाली मांडी घालून बसता येत नाही, म्हणून शेडवरचं काम बंद झालं होतं.

"मधनंच एखादा शब्द घावत न्हाई तिला," बापूसो म्हणाले. "बाकी झकास हाय. तुमची किरपा."

मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, आणि ठरवलं तसंच बोलले.

"मला एक सांगायचं होतं. त्या दिवशी आजींना साडेअकरालाच इंजेक्शन देता आलं असतं. मी थांबवलं. माझ्या अभ्यासाला एक रुग्ण कमी पडत होता, आणि आधी दुसरं औषध दिलं असतं तर आजी त्यात बसल्या नसत्या. तुमची सही हवी असं मी म्हणाले, पण तशी काही गरज नव्हती. त्यामुळे आजींना दोन तास उगीच सोसावं लागलं. माझी चूक झाली."

बापूसोंनी हात जोडले. "आवो मॅडम, काय बोलताय! तुमच्यामुळं आई चालाय लागली. मोठ्या डॉक्टरीणबाई तुम्ही, एवढ्या उन्हाचं आलाय... सोडा ते. आमच्या मनात काय न्हाई."

मला हलकं वाटलं. तेवढं एक मिनिट खरोखरच हलकं वाटलं.

"म्हाईत हाय मला ते," दारातून आवाज आला.

गजराबाई माझ्याकडे बघत होत्या.

"ती सिस्टर सुई घिऊन उभी हुती. तू थांब म्हणालीस. खुबा मोडला हुता माझा, कान न्हवं."

"आजी, मग तुम्ही तेव्हा काही..."

"बोलले की. दोनदा बोलले. सही मी करते म्हणाले. न्हाई म्हणाले?"

"म्हणालात."

"मग?"

शालन चहाचे कप घेऊन दारात येऊन थांबली होती.

"आन् आज बी बघ," गजराबाई म्हणाल्या. "दुखलं मला, आन् चूक झाली म्हणून सांगतीस ह्याला. मी हितं बसलेय न्हवं?"

"आई," बापूसो उठले, "आसं काय बोलतीस? मॅडम येवढ्या लांबनं..."

"तू गप. तुला न्हाई इचारलं."

मी खुर्ची उचलली आणि बाजेसमोर नेऊन ठेवली. गजराबाईंच्या डोळ्यांकडे बघत पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ठरवलेली वाक्यं आली नाहीत. सरांना फोनवर काय सांगितलं नाही तेही सांगितलं. कागदावरच्या दोन रेघा सांगितल्या. त्यांनी मधे फक्त एकदा थांबवलं.

"मंजी सही माझीच पायजे हुती?"

"हो."

"निस्ती माझी?"

"फक्त तुमची."

त्यांनी मान हलवली. मी उरलेलं सांगून संपवलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

"मला माफ करा आजी."

"लगीच?" त्या किंचित हसल्या. दात थोडेच उरले होते. "तुला इथवर यायला वरीस लागलं. मला जरा इचार करू दे की. पुढच्या ऐतवारी ये. काय ते सांगते."

"येते," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की येते आजी."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. सोमवारी मला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, सामान बांधायचं होतं. पण दहाची एस.टी. होती. चारपर्यंत परत येता आलं असतं. मी खोलीत बसून पुस्तकं खोक्यांत भरत राहिले आणि दहा वाजून गेल्यावर आता उशीर झाला असं स्वतःला सांगितलं. नंतर एक दिवाळी गेली, मग दुसरी. त्या फाट्यावरून माझी गाडी दोनदा गेली.

सात वर्षांनी मी त्याच जिल्ह्यात, दुसऱ्या रुग्णालयात आले. एका सकाळी शस्त्रक्रियेपूर्वी तपासायच्या रुग्णांच्या रांगेत शालन होती. गुडघा बदलायचा होता. केस पांढरे झाले होते, पण तिनेच मला आधी ओळखलं. गजराबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी तिचा रक्तदाब घेतला. कागद तिच्यासमोर ठेवून औषधांची आणि भुलीची माहिती तिला स्वतःला सांगितली, तिची सही घेतली. मग विचारलं.

"त्या रविवारी मी येणार होते. मला जमलं नाही. आजी काही म्हणाल्या होत्या का?"

"सकाळधरनं दारात बसून हुत्या," शालन म्हणाली. "धुतल्यालं लुगडं नेसून. जेवाय बी आत आल्या न्हाईत. तीन वाजता म्हणाल्या, न्हाई येत ती आता, मला आत घे."

"आणि मला काय सांगणार होत्या?"

"मी लई इचारलं वो," ती म्हणाली. "पुढं बी इचारलं, दुखणाईत हुत्या तवा. तर म्हणायच्या, तुला कशाला सांगू? तिचं हाय ते. आली तर तिला सांगीन."